चार बोटं जागा

मित्रांनो, मी एक जुना मॅनिफोल्ड आहे. नाव ऐकून नाक मुरडू नका. छत्री, घड्याळ, शाळेची घंटा यांच्या आत्मकथा तुम्ही परीक्षेत लिहिल्या असतील. ती सगळी मऊ स्वभावाची मंडळी. माझा जन्म मार खाऊन झाला, उमेदीचे दिवस आगीत गेले आणि स्वभाव पहिल्यापासून तापट आहे. मध्ये कुणी बोललेलं मला खपत नाही. ऐकायचं असेल तर नीट बसून ऐका.

आधी माझं काम सांगतो. इंजिनाच्या चार तोंडांतून जळका धूर बाहेर पडतो. तो चार वाटांनी गोळा करायचा आणि एका वाटेने पुढे धाडायचा, हे मॅनिफोल्डचं काम. साधा मॅनिफोल्ड तो धूर सायलेन्सरकडे सोडून मोकळा होतो. मी साधा नव्हतो. माझ्या तोंडाशी टर्बो बसायचा. टर्बो म्हणजे मुठीएवढा पंखा. धुराच्या जोरावर तो गरगर फिरतो आणि इंजिनात जादा हवा कोंबतो. जादा हवा म्हणजे जादा जाळ, आणि जादा जाळ म्हणजे जादा ताकद. त्या सगळ्या जाळाचा चटका पहिल्यांदा मला बसतो. गाडी चढणीला लागली की मी निखाऱ्यासारखा लाल होतो. अशा वेळी माझ्या जवळ काहीही ठेवलं तरी ते जळतं. यात माझा राग नाही आणि लोभही नाही. लोखंडाचा धर्मच तो.

माझा जन्म उल्हासनगरला, कॅम्प दोनमध्ये, पंच्याण्णव सालच्या दिवाळीच्या तोंडावर झाला. आमच्या गल्लीत एका बाजूला बॅगांना चेन शिवणारे बसत आणि दुसऱ्या बाजूला भंगारवाले. मधे लोकूमल मिस्त्रीचं दुकान. लोकूमल सिंधीत शिव्या घालायचा, हिंदीत भाव करायचा आणि मराठीत गिऱ्हाइकाची समजूत काढायचा. ज्या गाडीला कंपनीने टर्बो कधी दिलाच नाही, तिला तो बसवून द्यायचा. टर्बो भंगारात आलेल्या परदेशी इंजिनाचा असायचा. मॅनिफोल्ड मात्र बाजारात मिळत नसे. तो घडवावा लागायचा.

त्याने एक जाड पाइप कापला. तुकडे गॅसच्या ज्योतीत लाल केले आणि घणाने ठोकून वाकवले. एक तुकडा वाकता वाकता चिरला, तेव्हा त्याने तो भिंतीवर फेकून मारला आणि दुसरा घेतला. मग वेल्डिंगचा भडका उडाला. ग्राइंडरने माझ्या कडा सोलल्या. तुम्हाला आईने न्हाऊमाखू घालून झोपवलं असेल. मला जन्मल्याबरोबर पाण्याच्या बादलीत बुडवलं आणि मी किंचाळलो. लोकूमलने मला वर उचलून फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "अच्छा बना है साला." मला आयुष्यात मिळालेली ती पहिली शाबासकी.

मला घडवायला सांगितलं होतं जयदेवने. जयदेव अंबरनाथच्या बुवापाड्यात राहायचा आणि स्वतःचा टेम्पो चालवायचा. बारवीकडच्या पाड्यांतून भाताचा पेंढा भरायचा आणि उल्हासनगरच्या तबेल्यात म्हशींसाठी टाकायचा, हा त्याचा धंदा. अंगाने दांडगा, तोंडाने फाटका, आणि हात आधी चालवून मग विचार करणारा माणूस. त्याच्या वरच्या जबड्यातला एक दात अर्धा होता. तो दात त्याच्या चुलतभावाने, जनूने, जॅकच्या दांड्याने तोडला होता.

ही दोघं एका घरात वाढलेली. पहिला टेम्पो त्यांनी भागीदारीत घेतला. मग भांडणं झाली, डोकी फुटली आणि टेम्पो जनूकडे गेला. जयदेवला मिळाला एक थकलेला जुना टेम्पो, ज्याचं इंजिन चढणीवर खोकायचं. दोघांचा रस्ता एक, माल एक आणि तबेलाही एकच. तोंड दिसलं की हाणामारी ठरलेली. अशात तबेल्याच्या शेठने निरोप धाडला की मला रोज दोन टेम्पोंची कटकट नको. दिवाळीपासून महिनाभर बघतो, सकाळी जो जास्त वेळा आधी पोचेल त्याचाच पेंढा कायमचा घेईन, दुसऱ्याने तोंड काळं करावं. जयदेवला दुसरा धंदा येत नव्हता. हा पेंढा गेला की टेम्पो उभा राहणार आणि घरात चूल थंड पडणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याहून जास्त त्याला हे झोंबत होतं की जिंकणार तो जनू.

म्हणून मी.

आता मला कुठे बसवायचं होतं ते ऐका. या टेम्पोचं इंजिन पुढच्या नाकात नसतं. ड्रायव्हर आणि शेजारची सीट यांच्या मधोमध पत्र्याची पेटी असते, त्यात ते कोंबलेलं असतं. पेटीचं झाकण हीच तिसरी सीट. त्यावर गोधडी टाकतात आणि थंडीत तिथे बसायला भांडतात, कारण खालून छान ऊब येते. त्या पेटीत इंजिन, पंखा, वायरी, क्लचची दांडी आणि डिझेलची प्लास्टिकची नळी आधीच एकमेकांच्या उरावर बसलेली होती. तिथे मला आणि टर्बोला जागा करायची म्हणजे भरल्या गोणीत आणखी मण कोंबण्यासारखं होतं.

पहिल्यांदा जुना मॅनिफोल्ड निघेना. वर्षानुवर्षांच्या गंजाने त्याचे नट गिळले होते. लोकूमलने पान्यावर पाइप चढवला आणि लोंबकळला, तसा एक बोल्ट मुळातून तुटला. जयदेवने रागाने टेम्पोच्या टायरला लाथ घातली. तुटका बोल्ट ड्रिल मारून काढला. मग मला आत घातलं. माझं कोपर क्लचच्या दांडीला अडलं. बाहेर काढलं, कापलं, परत घातलं. माझी कड डिझेलच्या नळीला घासली. परत बाहेर, परत ग्राइंडर. दर खेपेला माझं कातडं जायचं आणि लोकूमलच्या बोटांचंही. त्याच्या रक्ताचे थेंब माझ्यावर पडून वाळले.

शेवटी मी बसलो, तर खालच्या नटापाशी कुठलाच पाना पोचेना. लोकूमलने एक चांगला पाना ज्योतीवर धरला, लाल झाल्यावर आकड्यासारखा वाकवला आणि त्याचा दांडा अर्ध्यात छाटला. त्या वाकड्या पान्याने तो एकेक आटा तसूतसूने आवळत गेला. हा पाना लक्षात ठेवा, मित्रांनो. तो पुढे परत येणार आहे.

काम झालं आणि लोकूमलने नेहमीची तपासणी सुरू केली. त्याच्याकडे मोजपट्टी होती, पण या कामाला तो ती वापरत नसे. तो आपल्या उजव्या हाताची चार बोटं सरळ जुळवायचा आणि माझ्या भोवती फिरवायचा. माझ्या आणि दुसऱ्या कुठल्याही वस्तूच्या मधून ती आडवी निघाली पाहिजेत, असा त्याचा नियम. हात वरच्या बाजूला आला आणि अडकला. झाकण बंद केलं तर वर एक बोटही जाईना. नळीच्या बाजूलाही तेच.

"जयदेव, ये नहीं चलेगा," तो म्हणाला. "गरम मालाच्या बाजूला चार उंगली जगह पायजे. झाकण कापून वर डबा चढवतो, नळी लोखंडाची टाकतो. दोन दिवस दे."

"दोन दिवस? उद्यापासून शेठचा महिना चालू होतोय."

"होऊ दे. हात नाय फिरला तर आग फिरेल."

"लोकूशेठ, डोकं नको खाऊ. जनू पयल्याच दिवशी पुढं गेला तर मी इथं डबा वाजवत बसू काय?"

लोकूमलने चावी खिशात टाकली. जयदेवने त्याची कॉलर धरली आणि त्याला भंगाराच्या ढिगावर ढकललं. लोकूमल उठला तो वाकडा पाना घेऊनच. त्याने तो जयदेवच्या खांद्यावर हाणला. जयदेवने तोच पाना हिसकावून घेतला आणि लोकूमलच्या पोटात गुडघा मारला. गल्लीतली माणसं धावली, पण मध्ये पडायची कुणाची छाती झाली नाही. खिशातून चावी काढून घेतल्यावर जयदेवने घण उचलला आणि झाकण आतून ठोकायला लागला. पत्रा वर फुगेपर्यंत त्याने तो बदडला. मग झाकण माझ्यावर टेकवून वरून लाथा घातल्या. ते कसंबसं बसलं आणि त्याची कड माझ्या पाठीवर रुतली. बाजूला जी फट राहिली, तिच्यात त्याने गोणपाट भिजवून कोंबलं.

"पानी मारत राह्यलं की झालं," तो म्हणाला, आणि वाकडा पाना सीटखाली टाकून निघाला. लोकूमल पोट धरून उभा होता. तो एवढंच बोलला, "मेरे दुकान का नाम मत लेना."

मी खोटं बोलणार नाही. त्यानंतरचे दिवस माझे राजेशाही होते. बारवीकडून बदलापूरला येताना वाटेत जांभळीची चढण लागते. तिथे पूर्वी हा टेम्पो रडतखडत चढायचा. आता मी पेटलो की टर्बो शीळ घालायचा आणि पेंढ्याचा डोंगर घेऊन टेम्पो वर उडी मारायचा. जयदेव स्टिअरिंगवर थाप मारून म्हणायचा, "वाह रे माझ्या वाघा." जनू मागे धुरात पडायचा आणि हॉर्न वाजवत राहायचा. जयदेवच्या बायकोने, कुंदाने, एका सकाळी झाकण उघडून माझ्यावर हळदकुंकू वाहिलं. हात मागे घेताना ती पुटपुटली, "लई जवळ हाय सगळं." जयदेवने ऐकलं न ऐकलं केलं.

झाकणावर बसायचा तो सुकऱ्या. बारवीच्या वरच्या पाड्यावरचा ठाकूर आदिवासी गडी, पेंढा भरायला आणि उतरवायला यायचा. आता झाकणावर ऊब नव्हती, चटका होता. म्हणून खाली ओलं गोणपाट, त्यावर फळी आणि त्यावर सुकऱ्या. त्याच्या पायाशी पाण्याचा डबा असे. चढणीच्या आधी टेम्पो थांबवायचा, गोणपाटावर पाणी ओतायचं, फस्स करून वाफ उठायची, मग पुढे. रोज हेच चाललं, आणि रोज निभावलं म्हणून सगळ्यांना वाटलं की हे असंच चालतं. गोणपाट मात्र आतल्या बाजूने रोज थोडं काळं पडत होतं. वरून भुरभुरणारा पेंढा फटीतून आत येऊन माझ्या अवतीभवती साचत होता. प्लास्टिकची नळी मऊ पडून लोंबायला लागली होती. मला हे सगळं दिसत होतं. पण लोखंडाला विचारतो कोण.

इकडे मारामाऱ्या वाढल्या. एका सकाळी तबेल्याच्या दारात जनूने जयदेवच्या आरशावर दगड मारला. जयदेवने उतरून त्याला शेणात लोळवला आणि तोंडावर बुक्क्या घातल्या. जनूच्या नाकातून रक्त आलं. उठून शर्टाने नाक पुसत जनू म्हणाला, "तुझा इंजिन पेटणार एक दिवस. वास येतोय माझ्यापर्यंत." जयदेवला वाटलं, हा शाप देतोय. तो परत त्याच्या अंगावर गेला. मला विचाराल तर जनू खरं तेच सांगत होता. मागून येणाऱ्याला जळका वास आधी लागतो.

महिना संपायला आला. दोघांची हारजीत बरोबरीवर होती, कारण मधे पट्टा तुटून आणि टायर फुटून आमचे बरेच दिवस वाया गेले होते. आता शेवटच्या सकाळी जो आधी पोचेल त्याचा पेंढा, असं शेठने सांगून टाकलं. त्या दिवशी जनूने पाड्यावर पहाटेच येऊन माल भरला आणि तो पुढे निघून गेला. जयदेवचं टाळकं सणकलं. त्याने सुकऱ्याला पेंढा नेहमीपेक्षा उंच रचायला लावला. पेंढ्याचे झुपके पुढे काचेपर्यंत लोंबत होते. घाईत डबा भरायचा राहिला. बाहेर चांगलं उजाडलं होतं आणि शेतांत कोरडी पिवळी खुंटं उभी होती.

चढणीच्या पायथ्याशी जनूचा टेम्पो दिसला. सुकऱ्याने फळीखाली हात घालून चाचपलं.

"जयदेव भाव, गोनपाट सुकलाय. आरं थांबव, वढ्याचा पानी आनतो."

"आता नाय."

"धूर येतंय रं."

"गप बस. वर चढून थांबवतो."

त्याने अ‍ॅक्सिलेटर तळाला दाबला. मी लाल झालो, मग लालहून पिवळसर. एवढा मी कधी तापलो नव्हतो. टेम्पो जनूच्या बरोबरीला आला. रस्ता एकाच गाडीपुरता. जयदेवने स्टिअरिंग मारून आपली बाजू जनूच्या बाजूवर घासली. पत्र्यावर पत्रा किंचाळला, जनूच्या टेम्पोचं मागचं चाक मुरमात गेलं आणि आम्ही पुढे निघालो. जयदेव खिडकीतून डोकं काढून ओरडला. काय ओरडला ते मी तुम्हाला सांगणार नाही. मुलांनी ऐकण्यासारखं नव्हतं.

नेमकी तेव्हाच नळी वितळून तुटली. डिझेलची धार सरळ माझ्या पाठीवर पडली.

भडका झाकणाच्या फटीतून वर आला. गोणपाट पेटलं, फळी पेटली, सुकऱ्याचं धोतर पेटलं. तो ओरडत बाजूच्या दारावर आदळला, दार उघडलं आणि तो रस्त्यावर पडून लोळत गेला. जयदेवला समोरचं दिसेना. त्याने ब्रेक मारला, तसा टेम्पो आडवा झाला आणि गटार ओलांडून डोंगराच्या कापलेल्या कडेवर आपटला. त्याच्या बाजूचं दार दगडाला चिकटलं. धक्क्याने इंजिनाची पेटी त्याच्या बाजूला सरकली. ज्या झाकणाला त्याने लाथा घालून बसवलं होतं, त्याची कड त्याच्या डाव्या मांडीवर बसली आणि पाय खाली पेटीत अडकला. वर पेंढ्याने पेट घेतला होता. जळत्या काड्या फुटक्या काचेतून आत पडत होत्या. जयदेव ओरडत होता आणि झाकणावर बुक्क्या मारत होता.

मागून जनू धावत आला. त्याच्या हातात टॉमी होती, म्हणजे टायर काढायची लोखंडी कांब. तो उघड्या दारातून आत घुसला. जयदेवला वाटलं, आता हा आपला जीव घेणार. त्याचा हात सीटखाली गेला आणि वाकडा पाना हाती लागला. जनूने टॉमी झाकणाखाली घातली होती. तो जोर लावणार तोच जयदेवने पाना त्याच्या कपाळावर हाणला. मग मनगटावर. टॉमी उडाली आणि खाली जाळात पडली. कपाळातलं रक्त जनूच्या डोळ्यांत ओघळलं.

"मारायचं तर नंतर मार," जनू म्हणाला. "आधी पाय काढ."

जयदेवने पाना परत उगारला.

जनूने त्याच्याकडे पाहिलंच नाही. त्याने झाकणाची कड बघितली. धरायला जागा एकच होती, धक्क्याने माझ्या आणि झाकणाच्या मधे पडलेली फट. जिथे लोकूमलची चार बोटं गेली नव्हती, तिथे जनूने आपल्या उजव्या हाताची चार बोटं घातली.

मित्रांनो, मी पुष्कळ चटके दिले आहेत. मिस्त्र्यांची कोपरं, ड्रायव्हरांचे पंजे, चुकून टेकलेले गुडघे. माणूस झटकन हात काढतो, शिवी देतो आणि फुंकर मारतो. या माणसाने हात काढला नाही. त्याची बोटं माझ्यावर दाबली गेली तेव्हा माझ्या कानावर जो आवाज आला, तो मला आजही ऐकू येतो. मला त्या क्षणी थंड व्हायचं होतं. पण मला थंड होता येत नाही, मी लोखंड आहे. जनू तोंडाने गुरासारखा आवाज करत होता आणि उचलत होता. पत्रा कुरकुरला, वाकला, एक वीतभर वर आला. जयदेवचा पाय सुटला. त्याच्या हातातून पाना गळून पडला. जनूने डाव्या हाताने त्याचे केस धरले, त्याला तसाच ओढत बाहेर काढला आणि रस्त्यावर फेकला. मग त्याच डाव्या हाताने त्याच्या थोबाडीत एक ठेवून दिली.

"वास येतो सांगितला होता ना तुला," तो म्हणाला, आणि मग खाली बसला.

तिघं रस्त्याच्या कडेला बसून राहिले आणि मी आत जळत राहिलो. सुकऱ्याच्या पोटऱ्या भाजल्या होत्या, तो हुंदके देत होता. जयदेव जनूच्या हाताकडे बघत होता आणि जनू तो हात मांडीवर पालथा घालून लपवत होता. खालच्या पाड्यावरची माणसं येऊन त्यांना जनूच्याच टेम्पोत घालून घेऊन गेली.

सुकऱ्या वाचला. जयदेवचा पाय वाचला, लंगडा झाला एवढंच. जनूच्या उजव्या हाताची चार बोटं दवाखान्यात कापावी लागली. अंगठा तेवढा राहिला. तबेल्याचा पेंढा तिसऱ्याच कुणाला गेला. शेठला काय, म्हशींना खायला मिळाल्याशी मतलब.

जळका टेम्पो भंगारात गेला आणि मी त्याच्याबरोबर. पावसात पडून राहिलो, गंजलो. कुत्री माझ्यावर पाय वर करून गेली. ज्याला कुंकू वाहिलं होतं त्याची ही अवस्था. शेवटी कॅम्प दोनच्याच एका भंगारवाल्याकडे लोकूमलने मला पाहिलं. आपण मारलेलं वेल्डिंग त्याने लगेच ओळखलं. त्याने मला उचललं आणि दुकानात आणून खिळ्याला टांगलं.

वर्ष उलटल्यावर एका दुपारी दुकानासमोर जनूचा टेम्पो येऊन थांबला. चालवत होता जयदेव. झाकणावर गोधडी टाकून बसला होता जनू. दोघं आता बदलापूरच्या भट्टीवरून विटा वाहतात, असं त्यांच्या बोलण्यातून कळलं. उतरतानाही त्यांचं जुंपलेलंच होतं.

"क्लच दाबून गियर टाक म्हटला तर ऐकत नाय हा," जनू म्हणाला.

"तू हो ना मग ड्रायव्हर."

"झालो असतो."

लोकूमल जयदेवला बघूनही उठला नाही. जयदेव लंगडत पुढे आला आणि त्याच्या पायाला हात लावायला वाकला. लोकूमलने पाय मागे घेतला. मग म्हणाला, "काम बोल." मॅनिफोल्डचं पॅकिंग उडालं होतं, धूर केबिनमध्ये येत होता. काम साधं. टर्बो वगैरे काही नाही.

लोकूमलने पॅकिंग बदललं, नट आवळले आणि हात पुसत बाजूला झाला. "हात फिरव," तो जयदेवला म्हणाला.

जयदेवने उजव्या हाताची चार बोटं जुळवली आणि इंजिनाच्या भोवती हळूहळू फिरवली. वरून, खालून, नळीच्या बाजूने. जनू शेजारी उभा राहून वाकून बघत होता.

"नीट घाल," जनू म्हणाला. "तुझी आहेत अजून."

जयदेवचा हात तिथेच थांबला. त्याने मान वर केली नाही. त्याचे खांदे हलत होते. जनूने अंगठाच उरलेला तो हात त्याच्या पाठीवर टेकवला आणि म्हणाला, "बस झालं. पुसून घे. विटा भरायच्यात."

निघताना जयदेवला मी दिसलो. लोकूमल ते बघून म्हणाला, "गंज लागला आहे, साफ करायला काढतो," आणि त्याने तारेचा ब्रश घेतला. माझ्या पाठीवर चार काळे डाग आहेत, एकाला लागून एक. गंज सगळीकडे चढला, पण त्या चार जागी अजून चढलेला नाही. ब्रश तिथे आला, तसं जयदेवने लोकूमलचं मनगट धरलं. याच हाताने त्याने एकदा त्याची कॉलर धरली होती. या वेळी पकड अगदी हलकी होती.

"तेवढं राहू दे, लोकूशेठ," तो म्हणाला.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी मंडळी शेवटी तुमच्याकडे काहीतरी मागतात. आम्हाला पुसा, तेल द्या, अडगळीत टाकू नका. मला तेल नको. गंजाने मी संपलो तरी माझं काही म्हणणं नाही. तुम्ही मोठे व्हाल, कुणी गाड्या चालवाल, कुणी कारखान्यात जाल, कुणाचा भाऊ तापट असेल, कुणी स्वतःच तापट असाल. जे तापतं त्याच्या बाजूला चार बोटं जागा सोडा. ती सोडायला दोन दिवस लागत असतील तर दोन दिवस द्या. आणि कधी लोकूमलच्या दुकानात आलात, खिळ्यावर मी दिसलो, तर मला हवं तिथे घासा. फक्त पाठीवरचे ते चार डाग घासू नका. ती जनूची बोटं आहेत.